नागपूर ते वास्को, रेग्युलेटर हातात घेऊन

गोव्याला डायव्हिंगला जाताना स्वतःचं सामान न्यावं की तिथेच भाड्याने घ्यावं, हे मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर पक्कं आहे. सगळं नेलं नाही तरी चालेल पण मास्क, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणतो तो) आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळेचा हिशोब ठेवतो तो) हे तीन नग न्याच, आणि तेही चेक-इनमध्ये नाही, केबिन बॅगेत. जानेवारीत वास्कोला मावशीकडे जाऊन तिथल्या ग्रँड आयलंड बेटाला डाइव्ह करून आले, त्यात हे इतकं कामी आलं की आल्या आल्या लिहायला बसलेय.

गुरुवार, नागपूर

रात्री जेवणं झाल्यावर हॉलमध्ये सगळं सामान पसरलं आणि हातात धरायचा वजनकाटा काढला. देशातल्या देशात इकॉनॉमीच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या चेक-इनला १५ किलो आणि केबिनला ७ किलो देतात, शिवाय काही ठिकाणी चेक-इनला माणशी एकच नग चालतो, म्हणजे दोन छोट्या बॅगा मिळून १५ च्या आत असल्या तरी दुसरीचे पैसे वेगळे. त्यामुळे एकच मोठी पण हलकी बॅग घ्यायची, चाकांची कडक सूटकेस नको, तिचं स्वतःचंच वजन चार-पाच किलो असतं. माझी कापडी डफल अडीच किलोची आहे. बीसीडी, म्हणजे हवा भरायचं ते जॅकेट, साडेतीन किलो, फिन्स आणि बूट मिळून तीन, ३ मिलिमीटरचा वेटसूट पावणेदोन, एसएमबी, म्हणजे पाण्यावर सोडायचा खुणेचा फुगा, आणि त्याच्या दोरीचं रील वगैरे एक किलो, आणि उरलेल्यात कपडे. गोव्यात कपडे लागतात तरी किती!

सिलिंडर आणि शिशाची वजनं न्यायचा विचारही करू नका. आपल्याकडे सगळीकडे वापरतात तो ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामाच १४ किलोच्या आसपास असतो, आणि न्यायचाच म्हटला तर पूर्ण रिकामा करून, व्हॉल्व्ह काढून न्यावा लागतो. डाइव्ह सेंटरच्या पैशात सिलिंडर आणि वजनं धरलेलीच असतात.

टॉर्चचा मात्र नियम नीट वाचून जा. पाण्याखालचा टॉर्च चुकून चालू झाला तर इतका तापतो की आग लागू शकते, म्हणून विमानवाले त्याला वेगळ्या यादीत टाकतात. कंपनीची परवानगी लागते आणि बॅटरी बाहेर काढलेली असावी लागते. सुटा लिथियम सेल आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये कधीच नाही, केबिनमध्येच, आणि सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावायची. मर्यादा १०० वॉट-अवरची, ती काढायची कशी तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. टॉर्चमध्ये असतो तो १८६५० सेल ३.७ व्होल्ट आणि ३ अँपिअर-अवरचा धरला तर ११ च वॉट-अवर होतात, म्हणजे काळजीच नाही. मी कंपनीला आधीच मेल टाकून लेखी उत्तर घेतलं होतं आणि त्याची प्रिंट काढून ठेवली होती. मोबाइलवर दाखवलेल्यापेक्षा कागदाला काउंटरवर जास्त मान असतो, हा माझा अनुभव.

डायव्हिंगचा चाकू, स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की हे सगळं चेक-इनमध्ये, चाकू म्यानात घालून वर टॉवेल गुंडाळून.

शुक्रवार, नागपूर ते वास्को

सकाळी सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर, पोचले तेव्हा समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती इतकं धुकं. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, मॅडम यात सिलिंडर आहे का? नाही म्हटलं, टॉर्चचं सांगितलं, प्रिंट दाखवली, त्याने वरिष्ठाला बोलावलं, त्यांनी वाचलं आणि पाच मिनिटांत बॅग गेली. काटा १४.६ वर.

सिक्युरिटीला रेग्युलेटर नेहमी थांबतो कारण एक्स-रेमध्ये पितळेचा जाड गोळा आणि त्याला चार नळ्या असंच काहीतरी दिसत असणार. तिथल्या ताईंनी बाहेर काढायला लावला. "ये क्या है?" मी फोनमधला पाण्याखालचा फोटो दाखवला, तोंडात हेच धरलेलं. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला, शेजारच्या सहकारी बाईंना दाखवला, आणि मग विचारलं की खाली डर नहीं लगता? मागे रांग लागली होती तरी मी सांगितलं की पहिल्यांदा सगळ्यांना लागतो, मग आवडायला लागतं. असा एक फोटो फोनमध्ये वर काढून ठेवाच, शंभर शब्द वाचतात.

धुक्यामुळे विमान उशिरा उडालं, मुंबईत पुढच्या विमानासाठी अक्षरशः पळावं लागलं, मी पोचले पण बॅग पोचली नाही. गोव्यात दाबोळी विमानतळावर पट्टा फिरत राहिला, फिरत राहिला आणि बंद झाला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, बॅग आली नाही तर बाहेर पडायच्या आधी तिथल्याच काउंटरवर पीआयआर भरून घ्यायचा, म्हणजे प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट. एकदा बाहेर पडलात की मग फोनवर फोन करत बसावं लागतं. बॅगेचा फोटो, बोर्डिंग पासला चिकटवलेला टॅगचा तुकडा, आत काय आहे त्याची यादी, आणि गोव्यात बॅग पोचवायचा पत्ता, एवढं हाताशी ठेवा. काउंटरवरचा माणूस म्हणाला उद्या येईल. किती वाजता, ते त्यालाही माहीत नव्हतं.

बाहेर मावशी उभी. ती लग्न होऊन वास्कोला आली त्याला आता उभा जन्म झाला, घरात मराठी, बाजारात कोंकणी, आणि माझ्याशी दोन्ही एकत्र. "बॅग खंय उरली गो?" म्हटलं मुंबईत. "आणि आता पाण्यात कशी जाशील?" मी पाठीवरची सॅक थोपटली. माझा चष्म्याचा नंबर साडेचार आहे, मास्कला त्या नंबरच्या काचा बसवून घेतल्यात आणि तसा मास्क भाड्याने मिळत नाही. रेग्युलेटर माझा मी दरवर्षी सर्व्हिसिंगला देते, त्यातून श्वास घ्यायचा असतो. कॉम्प्युटर मनगटावरचा, त्यात माझ्या आधीच्या डाइव्हचा सगळा हिशोब. बाकी जॅकेट, फिन्स, वेटसूट हे कुठल्याही बऱ्या सेंटरवर मापाचं मिळतं. मास्क, रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर मिळून सॅक जेमतेम पाच किलोची झाली होती, म्हणजे सात किलोत कॅमेरा आणि एक जोडी कपडेही बसले.

रात्री बांगड्याचं हुमण, उकड्या तांदळाचं शीत, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी. नागपूरला तापमान दहाच्या खाली होतं आणि इथे पंखा लावून, पातळ चादर घेऊन झोपले.

शनिवार, ग्रँड आयलंड

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला तेव्हा उजाडतच होतं. गरम पोई आणि चहा घेऊन बायणाच्या किनाऱ्यावर. आमचा इन्स्ट्रक्टर मालवणचा, तारकर्लीला शिकून आलेला, सगळे त्याला दादाच म्हणतात. बॅगेचं मी रात्रीच कळवलं होतं, त्याने माझ्या मापाचं जॅकेट आणि फिन्स बाजूला काढून ठेवले होते. जाण्याआधी एक विचारून घ्या, सिलिंडरला योक बसतो की डिन, म्हणजे रेग्युलेटर जोडायच्या दोन पद्धतींपैकी कुठली. आपल्याकडे जास्त करून योकच असतं, डिनचा रेग्युलेटर असेल तर ॲडाप्टर केबिन बॅगेत टाका, नाहीतर स्वतःचा रेग्युलेटर असून उपयोग नाही.

बोटीवर माझे बडी, म्हणजे पाण्याखालचे जोडीदार, म्हणून कोल्हापूरचे एक काका. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, मग पोरांनी हौसेने डायव्हिंगचा कोर्स करायला लावला आणि आता पोरं राहिली मागे, काकाच दरवर्षी येतात, स्वतःची गाडी काढून, आंबोली उतरून. त्यांचं सगळं सामान डिकीत, वजनाची भानगडच नाही. उजव्या हाताला मुरगावचा सडा दिसायला लागला तसं काकांनी पलीकडच्या बंदरातली गोष्ट सांगायला घेतली. दुसऱ्या महायुद्धात गोवा पोर्तुगीजांचा म्हणजे तटस्थ, म्हणून जर्मन जहाजं इथे आश्रयाला थांबली होती, त्यातलं एरेनफेल्स ब्रिटिश जहाजांची माहिती वायरलेसवरून जर्मन पाणबुड्यांना देत होतं. मग ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळ पलटणीची माणसं, म्हणजे कलकत्त्यातली चहा-तागाच्या व्यापारातली पोक्त गोरी मंडळी, एका जुन्या बार्जमधून आली आणि एरेनफेल्सवर चढली. जर्मनांनी जहाज हातात पडू नये म्हणून स्वतःच बुडवलं, ते बघून बाकीच्यांनीही आपापली बुडवली. काका हे हातवारे करून असं सांगत होते की बोट चालवणारा पोरगाही इंजिन हळू करून ऐकत होता.

पाणी २७ अंश. दिसत किती होतं म्हणाल तर पहिल्या डाइव्हला तीन-चार मीटर, आणि हे मी मुद्दाम सांगतेय, कारण अंदमानचे फोटो बघून लोक गोव्याला येतात आणि नाराज होतात. इथलं पाणी हिरवट असतं, नद्यांचा गाळ येतो. पण जवळ जाऊन बघायची सवय असेल तर इथे एवढं आहे! डेव्ही जोन्स लॉकर नावाच्या जागी खडकाच्या कपारीत मोरे ईल तोंड उघडं टाकून बसलेली, लायनफिश, बोटभर लांबीचे न्युडिब्रँक, म्हणजे बिनशंखाच्या रंगीत समुद्री गोगलगायी, आणि अचानक डोक्यावरून फ्युसिलिअर माशांचा थवा गेला तो संपेचना. दुसऱ्या डाइव्हला सुझीज रेक, बारा-एक मीटरच्या आतच सगळं, जुन्या जहाजाचं लोखंड, त्यावर वाढलेली प्रवाळं आणि आत गोबरे मासे दबा धरून. माझा मास्क, माझा रेग्युलेटर होता त्यामुळे भाड्याचं जॅकेट आहे हे पाच मिनिटांत विसरले. फिन्स थोड्या मऊ होत्या, तेवढंच.

दुपारी जेवताना फोन आला, बॅग आली. पण कुठे, तर मोपाला! मुंबईहून जागा असलेलं पहिलं विमान दाबोळीचं नव्हतं, त्यामुळे बॅग उत्तर टोकाला आणि मी वास्कोत. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत हे गोव्याबाहेरच्या बऱ्याच लोकांच्या अजून लक्षात येत नाही. दाबोळी जुनं, नौदलाच्या आयएनएस हंसा तळावरचं, तिकिटावर जीओआय. मोपा म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, पेडणे तालुक्यात, जानेवारी २०२३ पासून चालू, तिकिटावर जीओएक्स. दोन्हींमध्ये दीड-दोन तासांचा रस्ता. वास्को, बोगमाळो, बायणाहून डाइव्ह करणार असाल तर दाबोळी बरं पडतं, कांदोळी-शिकेरीकडून बोट असेल तर मोपा.

मी म्हटलं घरपोच पाठवा, पत्ता पीआयआरवर आहे. आधी तो म्हणाला तुम्ही येऊन घ्या, मी शांतपणे परत तेच सांगितलं. बॅग तुमच्यामुळे राहिली नसेल तर ती पोचवायची जबाबदारी विमान कंपनीची, टॅक्सीचे पैसे खिशातून घालायची घाई करू नका. रात्री साडेनऊला टॅक्सीवाला बॅग घेऊन दारात. पेडण्याचाच होता, मराठी छान बोलत होता, मावशीने त्याला पाणी आणि मणगण्याची वाटी दिल्याशिवाय सोडलं नाही. मी आधी बॅग उघडून सगळं तपासलं, एका फिनची पट्टी तुटलेली होती, लगेच त्याच्या समोर फोटो काढला आणि पावतीवर तसं लिहूनच सही केली. नंतर तक्रार केली तर कोणी ऐकत नाही.

रविवार, पुन्हा पाण्यात

दादाने तुटलेली पट्टी दोन मिनिटांत बदलून दिली. आज आपलं जॅकेट, आपला टॉर्च. टॉर्चमुळे हिरव्या पाण्यात खरे रंग परत येतात, काल करडी दिसलेली कपार आज शेंदरी निघाली. बॅटफिशची जोडी आमच्या मागे मागे फिरत राहिली, आणि शेवटी सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधी थोडा वेळ थांबतात तिथे, पाच मीटरवर असताना बॅराकुडा लांबून एक चक्कर मारून गेला. साडेअकराच्या आत पाण्याबाहेर. दुपारी वारा उठतो म्हणून इथे सगळे सकाळीच उरकतात.

आता खरा महत्त्वाचा भाग, विमान कधी पकडायचं. खाली दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन अंगात विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असल्यासारखा असतो, म्हणजे अजून कमी, आणि उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखण्यापासून ते लुळेपणापर्यंत काहीही. डॅन या डायव्हर्सच्या संस्थेचं सांगणं असं, डीकॉम्प्रेशन, म्हणजे वर येताना टप्प्याटप्प्याने सक्तीचं थांबणं, न लागणारी एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास थांबा, एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा लागोपाठचे दिवस असतील तर किमान १८ तास, आणि डीकॉम्प्रेशनची डाइव्ह असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. म्हणून माझं तिकीट मंगळवार सकाळचं होतं.

काका मात्र जेवून लगेच गाडी काढणार होते. "आवो मला कुठं इमानात बसायचंय?" दादाने त्यांना थांबवलं. "काका, आंबोली किती उंच हा म्हायत आसा? आज रातीक हयच ऱ्हवा, उद्या सकाळी जावा." आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, आणि विमानाचा हा जो नियम आहे तो २००० फुटांपासून, म्हणजे ६१० मीटरपासून वरच्या उंचीसाठी धरतात. रस्त्याने चढलात काय आणि विमानाने चढलात काय, शरीराला दाब कमी झालेला तेवढाच कळतो. चोर्ला घाटातून बेळगावला जाणाऱ्यांचंही तेच, बेळगाव शहरच ७५० मीटरच्या आसपास आहे. पुण्या-कोल्हापूर-बेळगावहून गाडीने येऊन रविवारी डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढणारे कितीतरी लोक आहेत, त्यांना हे कोणी सांगत नाही म्हणून मी इथे एवढं लिहितेय. कृपा करून एक रात्र किनाऱ्यावर काढा. काका थोडे कुरकुरले, मग घरी फोन करून सांगितलं की उद्या येतो, आणि संध्याकाळी मावशीकडे जेवायलाच आले. मावशीने विचारलं, खाली तामसो मासा दिसला का? काका म्हणाले दिसला पण ताटातला जास्त चांगला.

सोमवार, वाळवण आणि मंगेशी

सामान रविवारीच गोड्या पाण्यात धुतलं होतं. रेग्युलेटर भिजवताना फर्स्ट स्टेजची, म्हणजे सिलिंडरला जोडतो त्या भागाची, टोपी घट्ट लावायची आणि पाण्यात असताना तोंडात धरायच्या भागावरचं पर्ज बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत शिरतं. जॅकेटच्या आतही गोडं पाणी घालून खळखळवायचं, उलटं करून काढायचं, मग फुगवून सुकवायचं. हे फक्त टिकण्यासाठी नाही, ओला वेटसूट आणि आत पाणी राहिलेलं जॅकेट सहज दीड-दोन किलो वाढवतं आणि काउंटरवर त्याचे किलोमागे काहीशे रुपये मोजावे लागतात. जास्तीचं वजन लागणारच असेल तर आधी ऑनलाइन घ्या, काउंटरपेक्षा स्वस्त पडतं. वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर. मावशीच्या गॅलरीत साड्यांच्या शेजारी माझा वेटसूट लटकत होता आणि खालून जाणारा प्रत्येक जण वर बघून मग चालत होता.

सोमवार म्हणजे घरात शिवराक, शाकाहारी. खतखतें, तोंडाक, शीत, आणि दुपारी मावशी म्हणाली चल मंगेशीला, आज पालखी असते. वाटेत कुठ्ठाळी लागली, तिथे तिने सांगितलं की मंगेशाचं मूळ स्थान हे, कुशस्थळी, पोर्तुगीजांच्या जाचामुळे १५६० मध्ये लोकांनी देव नदीपलीकडे नेला. आम्ही आता पाच मिनिटांत जुवारी ओलांडतो, त्या लोकांनी ते रात्रीत, होडीतून, जीव मुठीत धरून केलं असणार, हे मनात आलं आणि पुढचा रस्ता दोघी फारसं बोललो नाही. देवळात सात मजली दीपमाळ, ढोल-ताशे, शहनाई, आणि पालखीमागे चालताना मावशीने माझा हात धरला तो आरती होईपर्यंत सोडला नाही. फोंड्याची ही बाजू घाटाखालचीच, त्यामुळे थांबण्याच्या दिवशी फिरायला एकदम योग्य.

मंगळवार, मोपा

परत जाताना विमान मोपाहून थेट नागपूरचं होतं, बदलाबदली नको म्हणून मुद्दाम घेतलेलं. पहाटे मावसभावाने सोडलं, नवा जुवारी पूल, मग मांडवीवरचा अटल सेतू, पणजी झोपलेली. वास्कोहून निघणार असाल तर विमानाच्या वेळेच्या चार तास आधी घर सोडा, मोपाचा रस्ता लांब आहे.

बॅग १४.९, वेटसूट पूर्ण वाळला होता तरी मावशीने कोकम आणि काजू भरले होते ना! सिक्युरिटीला रेग्युलेटर पुन्हा थांबला, पण तिथल्या अधिकाऱ्याने नुसतं बघून विचारलं, ग्रँड आयलंड? हो म्हटलं. "व्हिजिबिलिटी कैसी थी?" म्हणजे तो स्वतःच डायव्हर निघाला, आणि मग दोन मिनिटं गप्पाच. त्याने सांगितलं मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला जा, पाणी जास्त स्वच्छ असतं.

हे काकांना कळवलं तर दुपारी त्यांचा मेसेज आला, कालच घरी सुखरूप पोचलो, आणि खाली लगेच दुसरा, नेत्राणी कधी? मी नकाशा काढून बघितलं, मडगावहून कोकण रेल्वेने थेट मुर्डेश्वर, सगळा रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने, घाट नाही, त्यामुळे गोव्यापर्यंत येता-जाता नायट्रोजनचा घोर नाही आणि बॅगेचं वजन विचारणारंही कोणी नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरनंतर जायचं ठरलंय. मालवणचा दादा येतो म्हणालाय, आणखी कोणाला यायचं असेल तर आताच सांगा, बोटीवर जागा मोजक्याच असतात.